कात्रीने घडवलेला वेडा शास्त्रज्ञ

‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे वर्गात सांगून पाहा. बहुतेक चित्रांत एक म्हातारा पुरुष येतो. त्याचे केस पिंजारलेले असतात, हातात फसफसणारे चंबूपात्र असते आणि आजूबाजूला ठिणग्या उडत असतात. मुलांनी प्रत्यक्षात पाहिलेल्या कुठल्याही शास्त्रज्ञाशी या चित्राचा संबंध नसतो. मग हा माणूस त्यांच्या कागदावर येतो कुठून? चित्रपटांतून, मालिकांतून आणि चित्रकथांतून. या सगळ्यांचा माग काढत मागे गेलो की आपण १९२७ सालच्या एका जर्मन मूकपटापाशी पोहोचतो. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा तो चित्रपट.

विज्ञान आणि समाज या विषयावर शिक्षकांसमोर बोलताना आम्ही या चित्रपटाचे उदाहरण बरीच वर्षे देत असू. त्यातला रोटवांग नावाचा संशोधक काळोख्या घरात एकटा राहतो. यंत्र घडवताना त्याने स्वतःचा हात गमावलेला आहे आणि त्याच्या जागी कृत्रिम हात आहे. तो धातूची एक यंत्रस्त्री बनवतो आणि तिच्यामुळे अख्ख्या शहराचा नाश ओढवतो. एका व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने विचारले, “पण सर, तो ती यंत्रस्त्री बनवतोच कशासाठी?” आम्ही म्हणालो, “कशासाठी नाही. वेडा आहे म्हणून!” सभागृहात हशा पिकला.

ते उत्तर चुकीचे होते. ते चुकीचे का होते, हे समजायला आम्हाला काही वर्षे लागली. त्याआधी जगाला ऐंशीहून अधिक वर्षे लागली होती. ही हकिकत इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल तशीच विज्ञानाच्या तासालाही पडेल.

वास्तुशिल्प सोडून पडद्याकडे

फ्रिट्झ लांग यांचा जन्म व्हिएन्ना येथे ५ डिसेंबर १८९० रोजी झाला. वडील बांधकाम व्यवसायात होते. मुलानेही तेच करावे अशी अपेक्षा असल्याने लांग यांनी काही काळ स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले, पण ते सोडून ते चित्रकलेकडे वळले. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. जखमी होऊन उपचार घेत असताना त्यांनी चित्रपटांसाठी कथा लिहायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला आले आणि १९१९ साली दिग्दर्शक झाले.

त्यांच्या बहुतेक जर्मन चित्रपटांच्या पटकथांत टेआ फॉन हार्बू या लेखिकेचा वाटा होता. १९२२ साली दोघांचा विवाह झाला. ‘डॉक्टर माबुझे’ (१९२२) आणि दोन भागांचा ‘निबेलुंगेन’ (१९२४) यांमुळे लांग जर्मनीतील आघाडीचे दिग्दर्शक ठरले. ‘मेट्रोपोलिस’ हाती घेताना ‘उफा’ या मोठ्या चित्रपटसंस्थेने त्यांना जवळजवळ मोकळा हात दिला. मे १९२५ मध्ये सुरू झालेले चित्रीकरण ऑक्टोबर १९२६ पर्यंत चालले. पंधरा लाख मार्कांचा अंदाज पन्नास लाखांच्या पुढे गेला आणि आधीच अडचणीत असलेली ‘उफा’ आणखी खोलात गेली.

न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती बोटीवरून पाहताना या चित्रपटाची कल्पना सुचली, असे लांग पुढे अनेकदा सांगत. ते न्यूयॉर्कला गेले ते १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये. पटकथेचे काम मात्र त्या प्रवासाआधीच सुरू झाले होते. त्या दृश्याने शहराच्या रूपाला आकार दिला असेल, पण कल्पना तिथे जन्मली नाही. लांग यांच्या आठवणी वाचताना तारखा तपासून घ्याव्या लागतात, हे इथेच ध्यानात ठेवू.

आरशातले शहर

चित्रपटातील शहराचे दोन थर आहेत. वर उंच इमारती, बागा आणि मालकवर्ग. खाली, जमिनीच्या पोटात, यंत्रे आणि कामगार. कामगारांची पाळी दहा तासांची आहे आणि त्यांच्यासाठी दहाच आकड्यांचे वेगळे घड्याळ आहे! शहराचा स्वामी फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर मारिया नावाच्या मुलीच्या मागोमाग खाली उतरतो आणि आपले सुख कशावर उभे आहे हे प्रथमच पाहतो. मारिया कामगारांना धीराचा मार्ग सांगते. फ्रेडरसनला तिचा प्रभाव मोडायचा असतो, म्हणून तो रोटवांगला यंत्रस्त्रीला मारियाचा चेहरा द्यायला सांगतो. खोटी मारिया कामगारांना चिथावते, यंत्रे फुटतात आणि खालच्या वस्तीत पाणी शिरते.

त्या काळी संगणक नव्हते. मग ही इमारतींची दरी पडद्यावर आली कशी? काही दृश्यांत छोट्या प्रतिकृती वापरल्या. पुलांवरून धावणारी वाहने म्हणजे खेळण्यातल्यासारख्या गाड्या होत्या. त्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या, असे ते काम चाले. जिथे माणसे आणि भव्य इमारत एकाच दृश्यात हवी होती, तिथे छायाचित्रणकार ऑयगेन शुफ्टान यांची युक्ती कामाला आली. तिचे तत्त्व आठवीतल्या मुलालाही समजेल.

कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत एक आरसा ठेवायचा. बाजूला ठेवलेल्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब त्यात दिसते. आता आरशाचा पारा ठरावीक जागी खरवडून टाकायचा. तेवढ्या जागी नुसती काच उरते आणि तिच्यातून पलीकडे दूर उभी असलेली माणसे दिसतात. कॅमेऱ्याला प्रतिबिंब आणि माणसे एकाच चित्रात मिळतात. प्रतिकृती खरी वाटते याचे कारण भूमितीत आहे. एक मीटर उंचीची प्रतिकृती तीन मीटरवर असली, तर डोळ्याशी ती जेवढा कोन करते तेवढाच कोन साठ मीटरवरची वीस मीटर उंच इमारत करते. अडचण असते ती जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट दिसण्याची. त्यासाठी भिंगासमोरचे छिद्र लहान करावे लागते आणि मग झगझगीत दिवे लावावे लागतात.

हा प्रयोग शाळेत करता येतो. जुन्या आरशाच्या मागचा रंग आणि पारा खिडकीच्या आकारात खरवडा (कडांना आधी चिकटपट्टी लावा), पुठ्ठ्याचा एक दरवाजा बाजूला ठेवा आणि वर्गाच्या टोकाला एका मुलाला उभे करा. तो त्या पुठ्ठ्याच्या दरवाजात उभा असल्यासारखा दिसेल. हिचकॉक यांनी हीच युक्ती १९२९ च्या ‘ब्लॅकमेल’मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या दृश्यांसाठी वापरली.

कात्री चालली

‘मेट्रोपोलिस’ बर्लिनमध्ये १० जानेवारी १९२७ रोजी प्रथम दाखवला गेला. मूकपट वेगवेगळ्या गतीने दाखवत, म्हणून त्यांची लांबी मिनिटांऐवजी मीटरमध्ये नोंदवीत. या चित्रपटाची लांबी ४१८९ मीटर होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. गती सेकंदाला २४ चौकटी धरली तर हा चित्रपट सुमारे १५३ मिनिटे चालेल. हे गणित मुलांना जरूर करायला द्या.

अमेरिकेत वितरण करणाऱ्या ‘पॅरामाउंट’ कंपनीला हा चित्रपट फार लांब वाटला. चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे तो छाटण्याचे आणि पाट्यांवरचा मजकूर नव्याने लिहिण्याचे काम दिले गेले. जर्मनीतही पहिले खेळ थांबले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३२४१ मीटरची आवृत्ती बाहेर आली, म्हणजे ११८ मिनिटांची. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. मूळ निगेटिव्हचीच काटछाट झाल्याने पुढच्या प्रती अपुऱ्याच निघत गेल्या.

काय गेले ते पाहा. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते, पण तिने फ्रेडरसनशी लग्न केले आणि फ्रेडरला जन्म देताना तिचा मृत्यू झाला. रोटवांगने आपल्या घरात तिचे भव्य स्मारक उभारले आहे. ती यंत्रस्त्री म्हणजे गेलेली हेल परत आणण्याचा त्याचा प्रयत्न आहे. फ्रेडरसनची आज्ञा तो वरवर पाळतो, पण मनात त्याचे शहर आणि त्याचा मुलगा दोन्ही हिरावून घेण्याचा बेत असतो. पोलॉक यांना अडचण वाटली ती नावाची. इंग्रजीत ‘हेल’ म्हणजे नरक, प्रेक्षक हसतील, म्हणून हेल गेली. तिच्याबरोबर रोटवांगचे दुःख गेले, सूडाचे कारण गेले आणि मागे उरला एक विनाकारण वेडा शास्त्रज्ञ. फ्रेडरशी कपडे बदलणारा ११८११ क्रमांकाचा कामगार आणि फ्रेडरसनचा हेर यांच्या कथाही अशाच आटल्या.

विद्यार्थिदशेत एका फिल्म क्लबमध्ये आम्ही जो चित्रपट पाहिला तो असा होता. शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर कापून टाकलेल्या भागात होते. आमच्याकडे पुरावा अपुरा होता, पण निष्कर्ष मात्र पक्का होता!

दंतकथा आणि पासपोर्ट

यानंतरची लांग यांची कारकीर्द पाहू. १९२९ च्या ‘चंद्रावरची स्त्री’ या त्यांच्या मूकपटासाठी अग्निबाणशास्त्राचे प्रवर्तक हेरमान ओबर्थ हे सल्लागार होते. टप्प्याटप्प्याने सुटणारा अग्निबाण त्यात आहे. उड्डाणापूर्वी उलटे आकडे मोजत शून्यावर येण्याची पद्धत लोकांसमोर आली तीही याच चित्रपटातून. १९३१ साली त्यांचा पहिला बोलपट ‘एम’ आला. १९३३ मध्ये ‘डॉक्टर माबुझेचे मृत्युपत्र’ या चित्रपटावर नाझी राजवटीने बंदी घातली.

लांग यांची आई जन्माने ज्यू होती. ते पुढे सांगत की, गोबेल्सने बोलावून आपल्याला जर्मन चित्रपटसृष्टीचे प्रमुखपद देऊ केले आणि आपण त्याच रात्री देश सोडला. गोष्ट थरारक आहे आणि कित्येक पुस्तकांत ती जशीच्या तशी आली. पण त्यांचा पासपोर्ट जपून ठेवलेला आहे. त्यावरचे शिक्के सांगतात की १९३३ च्या उन्हाळ्यात ते जर्मनीबाहेर जाऊन पुन्हा परतले होते आणि अखेरचे गेले ते जुलैच्या शेवटी. त्यांनी देश सोडला हे खरेच आहे, तो एका रात्रीत सोडला हे खरे नाही.

फ्रान्समार्गे ते अमेरिकेला गेले आणि ‘फ्युरी’पासून (१९३६) ‘द बिग हीट’पर्यंत (१९५३) आणि त्यानंतरही तिथे चित्रपट करीत राहिले. १९५८ च्या सुमारास ते हार्बू यांच्या जुन्या कादंबरीवरील ‘एश्नापूरचा वाघ’ आणि ‘भारतीय थडगे’ या जोडचित्रपटांसाठी भारतात आले. त्यांतील बाह्यदृश्ये उदयपूर परिसरात चित्रित झाली. १९७६ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले.

टेआ फॉन हार्बू यांची वाट वेगळी झाली. १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. त्यांनी नंतर गुपचूप विवाह केला तो आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी. तेंडुलकर मूळचे बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले होते आणि तिथे पत्रकारिता करीत होते. ‘मेट्रोपोलिस’ची लेखिका एका मराठी घरची सून झाली, असे म्हणायला हरकत नाही! भारतीय विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या याच बाई नाझी पक्षाच्या सदस्यही झाल्या. माणसांना एका शब्दात बसवता येत नाही, ते असे.

बोटाने सांगितलेली लांबी

हरवलेल्या भागाचा शोध अनेकांनी घेतला. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाचे एन्नो पटालास यांनी गॉटफ्रीड हुपर्ट्स यांच्या मूळ संगीतलेखाचा आधार घेतला. पडद्यावर काय चालले असता कोणते सूर वाजवायचे याच्या हजारावर खुणा त्यात होत्या. सेन्सॉरच्या नोंदीत सर्व पाट्यांचा मजकूर होता. म्हणजे उत्खननात मडक्याचे तुकडे हाती नसताना मडक्याचा आकार ठाऊक असावा, तसे हे झाले. २००१ साली जर्मनीत एक काळजीपूर्वक जुळवलेली आवृत्ती तयार झाली. हरवलेल्या प्रसंगांच्या जागी त्यात पाट्या होत्या. युनेस्कोने त्याच वर्षी हा चित्रपट ‘जागतिक स्मृती’च्या यादीत घेतला. त्या यादीतला हा पहिला चित्रपट. हरवलेला भाग आता सापडणार नाही, असेच बहुतेकांना वाटत होते.

तो सापडला अर्जेंटिनात. १९२८ च्या सुमारास एका वितरकाने लांबलचक मूळ आवृत्तीची प्रत ब्यूनस आयर्सला नेली होती. पुढे ती एका समीक्षकाच्या संग्रहात गेली आणि तिथून सरकारी संग्रहात. चित्रपट-इतिहासकार फेर्नांदो पेन्या यांनी एक जुनी तक्रार ऐकली होती. एका फिल्म क्लबचे चालक सांगत की, ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना फिल्म नीट बसत नसल्याने ती प्रक्षेपकावर बोटाने दाबून धरावी लागली आणि तेही दोन तासांहून कितीतरी अधिक वेळ! ऐकणारे हसत असतील. पेन्या यांना प्रश्न पडला की, चित्रपट जर एवढा लांब नाहीच, तर बोट एवढा वेळ का धरावे लागले? २००८ मध्ये पाउला फेलिक्स-डिडिए या ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयाच्या प्रमुख झाल्यावर दोघांनी ते डबे उघडले. आत हरवलेले प्रसंग होते.

ती प्रत मात्र मूळ नव्हती. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्याने ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते आणि न पेटताही वर्षानुवर्षे विघटित होत जाते. या धोक्यामुळे अर्जेंटिनातील ३५ मिलिमीटरची प्रत १६ मिलिमीटरच्या सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतली आणि मूळ टाकून दिली. उतरवताना तिच्यावरचे ओरखडे आणि धूळही चित्रात कायमची आली. न्यूझीलंडमध्ये जपलेल्या एका प्रतीतूनही काही तुकडे मिळाले. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात जवळजवळ संपूर्ण ‘मेट्रोपोलिस’ दाखवला गेला. सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत आला होता. तो आजही ओळखू येतो, कारण त्यावर ओरखड्यांचा पाऊस पडतो आणि कडेला काळी पट्टी दिसते. दोन प्रसंग मात्र वाचवता आले नाहीत. तिथे अजून पाट्याच आहेत.

आपल्याकडेही नायट्रेटने असाच घास घेतला आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी मूळ प्रती गेल्या. अर्जेंटिनासारखा एखादा विसरलेला डबा आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर नसेलच असे नाही.

मग तो टिकला कसा?

एच. जी. वेल्स यांनी १९२७ मध्येच या चित्रपटाची खिल्ली उडवली होती. यंत्रे वाढली की राबणारी माणसे कमी लागतात, मग हे हजारो गुलाम कशाला, हा त्यांचा आक्षेप तर्काला धरून होता. शेवटी मालक आणि कामगार हात मिळवतात आणि सारे गोड होते, हा भाबडा शेवट स्वतः लांग यांनाही पुढे पटेनासा झाला. भाकित म्हणून पाहिले तर ‘मेट्रोपोलिस’ बराचसा फसला आहे.

तरीही १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील सोनेरी यंत्रमानवाच्या पहिल्या रेखाटनांवर या यंत्रस्त्रीची छाप होती. ‘ब्लेड रनर’चे (१९८२) शहर याच शहराच्या वंशातले आहे. जॉर्जिओ मोरोडर यांनी १९८४ मध्ये त्याला रंगाच्या छटा आणि रॉक संगीत देऊन नव्या पिढीसमोर आणले. आम्हाला वाटते, लोक या चित्रपटाकडे परत परत येतात ते त्यातल्या उत्तरांसाठी नव्हे. वर राहणाऱ्यांना खालचे राबणारे दिसतच नाहीत, ही गोष्ट त्याने एकदा इतक्या ठसठशीतपणे दाखवली की ती पुसली जात नाही. आणि त्यात पोकळ्या होत्या. काहीतरी हरवले आहे हे कळले की माणूस शोधत राहतो.

संपूर्ण आवृत्ती पाहिल्यावर रोटवांग आम्हाला सज्जन वाटला असे मुळीच नाही. तो क्रूर आहे, सूडाने पेटलेला आहे. पण त्याला बिघडवले आहे ते विज्ञानाने नव्हे, दुःखाने. प्रेमाचे माणूस गमावलेला कोणीही तसा होऊ शकेल, मग तो शास्त्रज्ञ असो वा शिंपी. आमच्या विनोदाने मात्र विज्ञानावर एक आळ घेतला होता.

आता व्याख्यानात तो विनोद आम्ही करीत नाही. आधी कापलेल्या आवृत्तीची दहा मिनिटे दाखवतो आणि तोच प्रश्न विचारतो, “हा ती यंत्रस्त्री कशासाठी बनवतो?” मुले म्हणतात, “वेडा आहे म्हणून.” मग हेलच्या स्मारकाचा प्रसंग दाखवतो. वर्ग थोडा वेळ शांत होतो. त्या शांततेत एखादा हात वर येतो आणि एखादी मुलगी विचारते, “मग आम्हाला आधी अर्धेच का दाखवले?” त्या शिक्षिका पुन्हा भेटल्या तर त्यांना सांगायचे आहे की, बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता, चूक आमची होती.